पाकिटावरचं वेळापत्रक सोडा, आपला पाऊस बघून बी टाका

मे महिना सरत आला की मला दोन-चार जणींचे मेसेज ठरलेले. बियांची पाकिटं आणलीत, मृग लागला की टाकते, यंदा औषधी झाडं करायचीच. आणि जुलैच्या शेवटी त्याच जणींचा मेसेज, काहीच आलं नाही गं, बी खराब निघालं बहुतेक. बी खराब नसतंय हो बऱ्याचदा. मीपण पहिल्या वर्षी हेच केलं होतं. मृगाच्या पहिल्या पावसात बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गच्चीवर सहा कुंड्या भरल्या, तुळस, सब्जा, अश्वगंधा, कालमेघ, शतावरी आणि ओवा, आईस्क्रीमच्या काड्यांवर हौसेनं नावं लिहून खोवली, आणि तीन आठवड्यांनी कुंड्यांत शेवाळ आणि काड्या एवढंच उरलं. काड्यांवरची नावंपण धुऊन गेलेली, कुठल्या कुंडीत काय मेलं तेसुद्धा कळेना.

चूक कुठं होती ते दुसऱ्या वर्षी लक्षात आलं. पाकिटामागं 'जून-जुलै' छापलेलं असतंय ते सगळ्या देशाला मिळून एकच असतंय, आणि तेही शेतात पेरणाऱ्यासाठी, जिथं पाणी वाहून जातंय. आपलं बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, पश्चिमेला लगेच घाट, जूनच्या मध्यापासून पार गणपतीपर्यंत ऊन म्हणजे आलं तर आलं. माझं माहेर खानापूर तालुक्यात, तिथून वर कणकुंबीकडं, मलप्रभा उगम पावते तिकडं, तर जुलैत अंथरुणाला बुरशी येते, बियांचं काय घेऊन बसलात. आणि त्याच जिल्ह्यात अथणी, रायबागकडं गेलात की तोच जुलै ढग बघत काढावा लागतोय. म्हणजे एकाच जिल्ह्यात बारीक बी एकीकडं कुजतंय आणि दुसरीकडं करपतंय. त्यामुळं मी खाली जे लिहितेय ते बेळगाव शहर, खानापूर, निपाणी-चिकोडीच्या पश्चिमेकडचा भाग धरून लिहितेय, पूर्वेकडच्यांनी पंधरा-वीस दिवस इकडंतिकडं करून घ्या.

सगळ्यात आधी, बियांपासून काय करायचं आणि काय नाही. औषधी बाग म्हटलं की सगळं बियांपासूनच पाहिजे असा हट्ट धरू नका. कोरफड पिल्लापासून, गवती चहा ठोंब फोडून, पुदिना आणि पानओवा फांदी खोचून, अडुळसा आणि गुळवेलही फांदीपासून, ब्राह्मी जमिनीवर पसरणारा तुकडा उचलून. ही सगळी शेजारीपाजारी मागितली की फुकट मिळतात, यांच्या बियांची पाकिटं ऑनलाइन दीडशे-दोनशे रुपयांना विकतात ती घेऊ नका. पुदिन्याचं बी तर मी एकदा घेतलं होतं, जे उगवलं त्याला पुदिन्याचा वासच नव्हता, नुसतं हिरवं काहीतरी. बियांपासून करण्यासारखी म्हणजे तुळस, सब्जा, अहाळीव, मेथी, धने, ओवा, शेपू, बडीशेप, जवस, अश्वगंधा, कालमेघ, गोकर्ण, माका, आणि ज्याच्याकडं धीर आहे त्याला शतावरी. एवढी यादी पहिल्या वर्षासाठी भरपूर झाली, खरं तर जास्तच झाली. पहिल्या वर्षी चार निवडा.

नावांचा घोळ आपल्याकडं जरा जास्त आहे कारण आपण दोन भाषांच्या मधे बसलोय. दुकानात गेलात, दुकानदार कन्नड बोलणारा, तुम्ही सब्जा मागितला तर तो कामकस्तुरी काढून देतो, ते बरोबरच आहे, तेच ते. कालमेघ म्हणजे नेलबेवु, गुळवेल म्हणजे अमृतबळ्ळी, अश्वगंधेला हिरेमद्दु म्हणतात, गवती चहा म्हणजे मज्जिगे हुल्लु. इथपर्यंत ठीक. पण 'ब्राह्मी' म्हटलं की गाडी घसरली. कन्नडात ज्याला ओंदेलग म्हणतात, गोल एकेक पान असलेली, ती मंडूकपर्णी, आणि बारीक जाड पानांची पांढऱ्या फुलांची ती वेगळी ब्राह्मी, दोन्हीला लोक ब्राह्मीच म्हणतात. तसंच शंखपुष्पीचं. इकडं कर्नाटकात निळ्या गोकर्णालाच शंखपुष्प म्हणतात आणि उत्तरेकडच्या कंपनीचं पाकीट असेल तर आत भलतंच झाड. ओव्याचंही तसंच, डब्यातला ओवा वेगळा आणि पानओवा, आपली दोड्डपत्रे, ते झाड वेगळं, त्याला कुणी 'अजवानचं झाड' म्हणून बी शोधत बसू नका. म्हणून पाकिटावर शास्त्रीय नाव बघायची सवय लावून घ्या. अश्वगंधा असेल तर विथानिया सोम्निफेरा, कालमेघ असेल तर अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा. नाव छापलेलंच नसेल तर पाकीट परत ठेवा. आणि झाड ओळखायला अडलं तर मोबाईलवरच्या अॅपपेक्षा माणसाला दाखवा. आपल्या बेळगावातच नेहरूनगरात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे, घाटातल्या औषधी वनस्पतींवर तिथं काम चालतंय, आणि आपल्याला मात्र अडुळसा आणि कण्हेर यातला फरक इंटरनेटवर शोधावा लागतोय, असो.

बी कुठून आणायचं. सुरुवात स्वयंपाकघरातून करा, खरंच सांगते. मिसळणाच्या डब्यातली मेथी, धने, ओवा आणि बाळंतिणीसाठी आणून उरलेला अहाळीव, एवढ्यावर पहिला महिना निघतो आणि हात बसतो. वाण्याच्या दुकानातली बी उगवतात, फक्त जुनी नकोत आणि भाजलेली नकोत. बडीशेप मात्र मुखवासाची आणू नका, ती बऱ्याचदा भाजलेली असते, मसाल्याची आणा. शेपूसाठी बाळंतशोपा आणला तरी चालतो, शेपूचंच बी ते. काष्ठौषधीच्या दुकानातून, म्हणजे आपल्याकडं ग्रंथिगे अंगडी म्हणतात तिथून बी आणायचा मोह होतो, स्वस्त मिळतंय. पण ते औषधासाठी वाळवून ठेवलेलं, किती वर्षांचं आहे ते त्यालाही माहीत नसतंय. मी एका दुकानातून अश्वगंधेचं बी म्हणून पन्नास ग्रॅम आणलं होतं, पन्नास ग्रॅम म्हणजे हजारो बिया, त्यातलं एक उगवलं नाही. आणि उलटी गोष्ट, शेतीच्या बियाण्याच्या दुकानातून धने, मेथी आणलीत आणि दाणे गुलाबी किंवा निळ्या रंगात रंगवलेले दिसले, तर त्याला बुरशीनाशक चोळलंय, ते पेरा खुशाल पण चुकूनही परत डब्यात टाकू नका आणि पोरांच्या हाती देऊ नका.

कुठलंही बी आणलं की पेरायच्या आधी दहा बिया मोजून घ्या. जुना सुती रुमाल ओला करून घट्ट पिळा, त्यात बिया पसरा, गुंडाळी करून झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्यावर तारीख टाका. मेथी दोन दिवसांत मोड काढते, ओवा, धने आठ-दहा-बारा दिवस घेतात. दहातल्या सात आल्या तर झकास, चार आल्या तर दुप्पट पेरा, एकही नाही आली तर कुंडी भरायचे कष्ट वाचले. हे इतकं सोपं आहे तरी कोण करत नाही, मीपण तीन वर्षं नाही केलं.

आता मातीचं. बी उगवायची माती आणि झाड वाढवायची माती वेगळी. लोक काय करतात, चांगलं व्हावं म्हणून बारीक बियांना भरपूर शेणखत घालतात. बीच्या आत स्वतःची शिदोरी असते, पहिल्या पंधरा दिवसांत त्याला खत लागत नाही, उलट कच्च्या शेणखतात बुरशी आणि हुमणी दोन्ही येतात. रोपांसाठी मी निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाव भाग चाळलेली तांबडी माती आणि पाव भाग चाळलेलं गांडूळखत घेते. कोकोपीटची वीट बादलीत भिजवली की एकदा घट्ट पिळून ते तपकिरी पाणी टाकून द्या, त्यात मीठ असतंय. माती एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर पसरून, जरा ओली करून, वरून पारदर्शक प्लास्टिक घालून कडेनं दगड ठेवून तीन-चार आठवडे तशीच तापवा, बुरशी आणि तणाचं बी दोन्ही बरंच मरतंय. पुढं मोठ्या कुंडीला तांबडी माती दोन घमेली, मुरलेलं शेणखत एक, वाळू एक, मूठभर निंबोळी पेंड. खानापूरकडची तांबडी माती चांगली, पाणी सोडते. बैलहोंगल, गोकाककडच्यांची काळी माती असेल तर ती पावभागापेक्षा जास्त नको, वाळू वाढवा, नाहीतर पावसात चिखल आणि उन्हात भेगा.

भांडी विकत आणू नका. चहाचे कागदी कप, दह्याचे प्लास्टिकचे डबे, नंदिनीच्या दुधाच्या पिशव्या धुऊन, सगळं चालतंय, तळाला तीन-चार भोकं पाहिजेत बस. भोक पाडायला उदबत्ती पेटवून टेकवायची, खिळ्यानं फाडत बसायचं नाही.

वेळ. माझ्या गच्चीवरचं वेळापत्रक सणांवर चालतंय कारण तारखा माझ्या लक्षात राहत नाहीत. अक्षय तृतीयेच्या सुमारास तुळस, सब्जा, कालमेघ आणि माका, कपात, पत्र्याच्या शेडखाली. तेव्हा गरमी असते, वळीव येऊन जाऊन असतो, हवेत ओल असते आणि उजेड पण भरपूर, बारीक बियांना यापेक्षा चांगलं काही नाही. म्हणजे वटपौर्णिमा-बेंदरापर्यंत रोपं चार-सहा पानांची होतात आणि मोठ्या पावसाला तोंड द्यायला उभी राहतात. हाच सगळा फरक आहे, पावसात बी टाकायचं नाही, पावसात रोप लावायचं. गोकर्ण आणि शतावरीही मेमध्येच, त्यांना उगवायला वेळ लागतो. मग आषाढ आणि श्रावणाचे पहिले दिवस काही पेरायचं नाही, गप्प बसायचं. अश्वगंधा नागपंचमीच्या पुढं, ऑगस्टच्या मध्याच्या आसपास, पाऊस जरा दमला की. आणि ओवा, धने, शेपू, बडीशेप, जवस, मेथी ही सगळी थंडीची मंडळी, हस्ताचा पाऊस पडून गेला की, म्हणजे दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत. अहाळीवाला मुहूर्त नाही, बाराही महिने.

अहाळीवापासूनच हात बसवा. ताटलीत कापूस किंवा जुन्या टॉवेलचा तुकडा ओला करा, वर कोरडेच दाणे एकेरी पसरा, झाकून ठेवा. एक-दोन दिवसांत मोड, आठ-दहा दिवसांत बोटभर हिरवळ, कात्रीनं कापून कोशिंबिरीत टाका, मोहरीसारखं झणका लागतंय. इथं एक गोष्ट नीट बघा, अहाळीव आणि सब्जा पाण्यात भिजवायचे नाहीत. भिजले की भोवती बुळबुळीत थर येतो, सगळे दाणे एकमेकाला चिकटून गोळा होतो आणि तो गोळा पेरला की मधले दाणे कुजतात. 'बी रात्रभर भिजवा' हे सगळीकडं लिहिलेलं असतंय, ते सगळ्यांना लागू नाही.

धने जसे आहेत तसे टाकले तरी येतात पण उशिरा. एक धणा म्हणजे खरं तर दोन बिया, एका टरफलात पाठीला पाठ लावून बसलेल्या. ओट्यावर पसरून लाटण्यानं हलकं दाबायचं, कट्ट आवाज आला की दोन फाका होतात. जोर केलात तर भरड होते, तिची आमटी करा. शेपू, बडीशेप, ओवा, धने यांना सोटमूळ असतंय, ती उपटून दुसरीकडं लावली की रुसतात, त्यामुळं कपात नाही, थेट मोठ्या कुंडीत नाहीतर परसात पेरायची.

तुळशीचं बी बघितलंय का जवळून? वाळलेली मंजिरी स्टीलच्या ताटलीत घेऊन तळहातावर चोळायची आणि हळूच फुंकर मारायची, कोंडा उडून जातो आणि खाली तपकिरी-काळपट ठिपके उरतात, खसखशीसारखे बारीक. प्रत्येक छोट्या टोपरात चार असतात, फार तर. आता एवढ्याशा जिवावर अर्धा इंच माती टाकली तर तो वर कसा येणार. तुळस, माका, कालमेघ ही सगळी बारीक बी मातीच्या वरच टाकायची. मी काय करते, कपातली माती आधीच भिजवून घेते, बी चमचाभर कोरड्या वाळूत मिसळते म्हणजे एका जागी ढीग पडत नाही, वरून भुरभुरवते आणि वाटीच्या बुडानं नुसतं दाबते. माती नाही, पाणी पण वरून नाही. नंतर कप पाणी घातलेल्या ताटात वीस मिनिटं ठेवायचे, माती खालून पाणी ओढून घेते, वरचा भाग ओला काळा दिसला की उचलायचे. वरून तांब्यानं पाणी ओतलं की सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातंय, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. वरून प्लास्टिक पिशवी सैल घालून ठेवा आणि रोज सकाळी पाच मिनिटं काढा. तुळस आठवडा ते दोन आठवडे घेते, सब्जा थोडा आधी. बाकी जाड बियांना नियम सोपा, बी जेवढं जाड त्याच्या दुप्पट खोल.

गोकर्णाचं आणि शतावरीचं बी कडक. गोकर्णाच्या बीला नेलकटरनं एका बाजूला, जिथं शेंगेला चिकटलेलं असतंय ती बाजू सोडून, बारीक टवका काढायचा, आतलं पांढरट दिसलं की बास, नाहीतर पॉलिश पेपरवर चार-पाच वेळा घासायचं, मग रात्रभर पाण्यात. सकाळी जे फुगलं ते पेरायचं, जे तसंच राहिलं त्याला परत घासायचं. हे काम मी पोरांना देते, मन लावून करतात. शतावरीचं काळं गोल बी चोवीस तास भिजवून पेरायचं आणि विसरून जायचं. तीन ते पाच आठवडे काही दिसत नाही. माझ्या सासूबाईंनी तर उगवत नाही म्हणून ती कुंडी रिकामी करून त्यात कोथिंबीर लावली, आणि कोथिंबिरीच्या मधून शतावरीचे दोन कोंब आले, शतावरी कसली चिवट. पण मुळ्या काढण्याइतकी व्हायला दीड-दोन वर्षं, तेवढ्यात भाड्याचं घर बदलणार असाल तर लावू नका.

अश्वगंधेबद्दल सगळ्यात जास्त विचारतात म्हणून जरा सविस्तर. हे मुळात कोरड्या भागातलं झाड, अथणी-रायबागवाल्यांचं खरं तर जास्त जमतंय आमच्यापेक्षा. पाणी तुंबलेलं त्याला अजिबात चालत नाही, दोन दिवस बुडात पाणी राहिलं की पानं पिवळी आणि खेळ खलास. म्हणून ऑगस्ट. बी रात्रभर भिजवून, अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जरा कमीच खोल, आठ ते पंधरा दिवस धरा, सगळं एकदम येत नाही, मागंपुढं येतंय. कुंडी कमीत कमी बारा इंच खोल पाहिजे कारण आपल्याला पाहिजे ते मूळ, आणि कपातून उपटून लावलेल्या रोपाचं मूळ दुभंगतं, त्यामुळं शक्यतो थेट मोठ्या कुंडीतच तीन-चार बिया टाकून नंतर एकच जोमदार रोप ठेवायचं. शेणखत बेतानं, जास्त खत दिलं की पालाच वाढतो. दिवाळीनंतर पाणी कमी करत जायचं. रसभरीच्या फळाला असतंय तसलं कागदी टोपरं याच्या फळालाही असतंय, आत वाटाण्यापेक्षा लहान फळ, लाल झालं आणि पानं वाळायला लागली की पेरल्यापासून पाच-सहा महिन्यांनी कुंडी उलटी करायची. मूळ धुऊन, बोटाएवढे तुकडे करून सावलीत वाळवायचे. ओलं मूळ हुंगलंत की नाव कुठून आलं ते कळतंय, तबेल्याचा वास. माझ्या दोन कुंड्यांतून वाळून मूठभरसुद्धा निघालं नाही, आणि त्यासाठी सहा महिने, हे आधीच सांगून ठेवते. लाल फळं मात्र जपून ठेवा, पुढच्या वर्षीचं बी तेच.

आता रोपं कोलमडण्याबद्दल, कारण निम्म्या लोकांची बाग इथंच संपते. रोपं छान उगवलेली, दोन पानं, आणि एका सकाळी बघावं तर कडेची चार आडवी. देठ जमिनीलगत दोऱ्यासारखा बारीक आणि तपकिरी झालेला. दुसऱ्या दिवशी दहा. ही बुरशी आहे, रोप कोलमडणे असंच तिचं नाव आहे, आणि ओल, दाटी आणि कोंदट हवा या तिघांनी मिळून येते. आडवी झालेली परत उभी राहत नाहीत, ती मातीसकट चमच्यानं काढून टाका, कप उजेडात वाऱ्याला ठेवा, दोन दिवस पाणी बंद. पेरायच्या वेळीच मातीत थोडा ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी चांगली बुरशी, मिसळला तर बरंच टळतंय, कृषी सेवा केंद्रात मिळतो. आणि बी कमी टाका हो. कपात चार रोपं पाहिजेत तर सहा बिया टाका, चिमूटभर नको, चिमटीत तुळशीच्या शंभर-दीडशे बिया येतात.

मुंग्या बी पळवतात, कपांचं ताट पाण्याच्या परातीत विटेवर ठेवा. पावसात गोगलगाई, त्या रात्री येतात, बॅटरी घेऊन वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या, हातात प्लास्टिक पिशवी घालून. मीठ कुंडीत पडू देऊ नका. माकडांवर उपाय विचारू नका, माझ्याकडं नाही.

उगवल्यावर येतात ती पहिली दोन पानं खोटी, ती बऱ्याच झाडांची सारखीच दिसतात, तिसऱ्या-चौथ्यापासून खरी. चार-सहा खरी पानं झाली की संध्याकाळच्या वेळी, ढगाळ दिवस बघून रोप हलवायचं, देठ धरायचा नाही, पान धरायचं, पान तुटलं तर दुसरं येतं. शेडखालून एकदम उघड्यावर नेऊ नका, आठवडाभर रोज तास-दोन तास वाढवत बाहेर ठेवा. पहिला जोरदार पाऊस पडणार असेल तर वर जुनी चाळण उलटी घाला, माझी सगळी चाळणं जूनमध्ये गच्चीवर असतात, घरात पीठ चाळायला काही नसतंय.

वापरायचं म्हणाल तर तुळस, गवती चहा, ओव्याचा पाला, मेथी, धने, अहाळीव ही स्वयंपाकाचीच झाडं, नेहमीच्या प्रमाणात चहा-आमटीत चालतात. अश्वगंधा आणि कालमेघ तशी नाहीत. अश्वगंधा गरोदर बायकांनी घ्यायची नाही, थायरॉईडच्या, शुगरच्या, बीपीच्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. कालमेघही गरोदरपणात नाही. अडुळसाही नाही. आणि सदाफुली. दारात सगळ्यांच्या असते, बी सहज उगवतंय, आणि शुगरला चांगली म्हणून सकाळी पानं चावणारे लोक आमच्याच गल्लीत आहेत. त्या झाडापासून कॅन्सरची औषधं होतात, व्हिन्क्रिस्टिन, व्हिन्ब्लास्टिन, हे खरं आहे, पण ती दवाखान्यात रक्त तपासून मोजून सलाईनमधून देतात. पान चावून किती पोटात गेलं ते कोण मोजणार. सदाफुली फुलासाठी लावा, खाऊ नका. महादेवाला लागतो म्हणून धोतरा लावला असेल तर पोरांच्या हाताला येणार नाही अशा ठिकाणी, त्याचं बी विषारी, आणि गुंजेचंही.

बी धरून ठेवायचं काम तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. तोवर मंजिऱ्या वाळून तपकिरी होतात, लग्नाला ऊस आणि चिंचा-आवळे खोचायच्या आधी मी वाळलेल्या मंजिऱ्या कापून वर्तमानपत्रात घेते, दोन दिवस सावलीत आणि मग ताटली आणि फुंकर. सब्जाही तसाच. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, घाम सुटतो, कागदी पाकिटात घालून सगळी पाकिटं एका बरणीत, बुडाशी मूठभर भाजून गार केलेले तांदूळ म्हणजे ओल ओढून घेतात. पाकिटावर नाव, महिना आणि वर्ष, पेन्सिलीनं लिहा, पेनची शाई उडते, त्या आईस्क्रीमच्या काड्यांसारखी.

शेजारच्या अक्कानं तीन वर्षांपूर्वी मला चिमूटभर कामकस्तुरी दिली होती, यंदा मी तिला त्याचीच भरलेली काडेपेटी परत केली. ओव्याचं बी मात्र एक दाणा हाती लागला नाही, पिकत आलं आणि चिमण्यांनी चार दिवसांत साफ केलं, त्यामुळं दसऱ्याला परत मिसळणाचा डबाच उघडायचा आहे.